चोविसावी सुपारी

मला पोलिश भाषा येत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण खांदेश्वरच्या आमच्या सोसायटीत मला ती येते असा समज आहे, आणि तो मीच पसरवलेला आहे. लिफ्टच्या दुरुस्तीवरून मीटिंग चालली होती. मी मागच्या खुर्चीत मोबाइलवर पोलंडमधल्या एका फोरमचं पान उघडून बसलो होतो. सेक्रेटरींनी डोकावून विचारलं, "हे कुठलं वाचताय?" मी "पोलिश" एवढंच म्हणालो. खोटं काही बोललो नाही. मशीन भाषांतर करत होतं आणि मी ते मराठीत वाचत होतो, पण एवढा खुलासा कोण करत बसतो. तेव्हापासून सोसायटीत कुणाचा मुलगा परदेशी शिकायला निघाला की मला बोलावून सल्ला विचारतात आणि मी देतो.

माझं नाव नंदकिशोर. वय पन्नास. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत स्टोअर्सचा सुपरवायझर. नट-बोल्ट, व्हॉल्व्ह, गॅस्केट आणि हातमोजे माझ्या शब्दाबाहेर नाहीत. हाताखाली माणसं दोन, ती मात्र आहेत. पोलंडशी माझा संबंध आला तो वडिलांच्या खिशातल्या एका सुपारीमुळे, म्हणून आधी ती सुपारी सांगतो.

माझे वडील हौसेराव, आम्ही त्यांना आबा म्हणतो. वय चौऱ्याऐंशी. गाव सातारा जिल्ह्यात, पण उमेदीची सगळी वर्षं तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात गेली. माथाडी. पाठीवर गोणी आणि हातात गोणीत अडकवायचा लोखंडी हूक. निवृत्त होऊन वीस-बावीस वर्षं झाली तरी दर खंडेनवमीला तो हूक घासून पाटावर येतो. शेतकरी नांगर पुजतो, कारागीर हत्यारं पुजतो, तसा आबांचा हूक. हळद-कुंकू, झेंडू, आणि मग त्यांच्या टोळीची म्हणून एक खास रीत आहे. टोळीतल्या एकेका गड्याचं नाव घ्यायचं आणि तांदळावर त्याच्या नावानं एक सुपारी मांडायची. मुकादम गंगाराम यांनी ही रीत घालून दिली. गडी गावी गेला, टोळी सोडली, अगदी मेला, तरी त्याची सुपारी चुकवायची नाही. "येकदा खांद्याला खांदा लागला, का नाव जात न्हाय," असं आबा सांगतात.

सुपाऱ्या चोवीस. त्या आईच्या पितळी डब्यात असायच्या. माझी आई बाळाबाई, ती डबा घेऊन आबांच्या शेजारी बसायची आणि पूजा पार पाडूनच उठायची. तिला जाऊन आता तीन वर्षं झाली. ती गेल्यावरच्या पहिल्या खंडेनवमीला आबांनी डबा स्वतः घेतला, तेवीस नावं घेतली, तेवीस सुपाऱ्या मांडल्या, आणि एक हातात उरली. नाव आठवेना. आबा हसले, म्हणाले म्हातारा झालो. दुसऱ्या वर्षी परत तेविसावरच अडले, तेव्हा मात्र हसले नाहीत. ती सुपारी त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली. सदरा धुवायला टाकताना ती काढून घ्यायची आणि धुतलेल्या सदऱ्याच्या खिशात पुन्हा घालायची, असं सुरू झालं.

रोज सकाळी गॅलरीत बसून ते नावं म्हणू लागले. वाठारचा शिदू, मेढ्याचा ज्ञानू, दोन मारुती, त्यातला एक बहिरा. बोटांवर मोजत तेविसापर्यंत यायचे आणि चोविसावं बोट तसंच धरून बसायचे. माझी बायको उज्वला चहा घेऊन गेली तरी ते बोट खाली यायचं नाही, म्हणून कप दुसऱ्या हातात द्यावा लागायचा.

"कुनीतरी गडी उपाशी ऱ्हायलाय," ते एकदा मला म्हणाले. "औंदा त्येचं नाव न्हाय घावलं तर हूक पुजायचा न्हाय. येकाला वगळून पूजा करायची ही आमच्या टोळीची रीत न्हवं."

मी गावाकडं फोन केले. गंगाराम मुकादम केव्हाच वारलेले. मार्केटात जाऊन विचारलं, तर तिथं आता आबांच्या नातवंडांच्या वयाची पोरं हूक घेऊन फिरतात. त्यांनी मला चहा पाजला, त्यापलीकडे ती तरी काय करणार. आणि मग घरी येताना मला ती कॅसेट आठवली, आणि मी स्वतःवर एवढा खूश झालो की खांदेश्वर सोडून पुढे पनवेलला उतरलो.

गोष्ट एकोणनव्वद सालची. मी नववीत होतो. आबांच्या गाळ्यावरच्या शेठनी आपल्या मुलासाठी परदेशातून एक छोटा संगणक आणवला होता. स्पेक्ट्रम नावाचा, काळा, रबरी बटनांचा. टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्राम कॅसेटवर साठवायचे. शेठच्या मुलाला महिनाभरात त्याचा कंटाळा आला आणि शेठनी तो आबांना देऊन टाकला. माथाडीच्या खोलीत संगणक आला आणि माझ्या डोक्यात हवा गेली. मी आबांच्या टोळीसाठी एक प्रोग्राम लिहिला. आज कोण कुठल्या गाळ्यावर, याची पाळी लावणारा. तो कॅसेटवर साठवला आणि आबांना दाखवला. ते म्हणाले, "गाडी आली का समदीच धावत्यात. पाळी कुनाला पायजे?" प्रोग्रामचं आयुष्य तिथंच संपलं. पुढं तो संगणक मी भंगारात घातला. पण कॅसेट आईनं टाकली नव्हती. ती तिच्या पेटीत लुगड्यांच्या खाली सापडली, आणि कॅसेटवर माझ्याच अक्षरात 'पाळी' लिहिलं होतं.

म्हणजे टोळीची पूर्ण यादी त्या कॅसेटमध्ये होती. आता जुने संगणक नव्या लॅपटॉपवर जसेच्या तसे चालवून दाखवणारे प्रोग्राम फुकट मिळतात, त्यांना एम्युलेटर म्हणतात. कॅसेट टेपरेकॉर्डरवर लावायची, तिचा आवाज लॅपटॉपमध्ये भरायचा, की झालं. मी आबांना सांगितलं, "रविवारपर्यंत नाव काढून देतो." तो रविवार जानेवारीतला होता.

कॅसेट लावली की किंचाळल्यासारखा आवाज यायचा, तो तसा यायचाच असतो. मग लॅपटॉपच्या पडद्यावर एकच ओळ उमटायची, 'टेप लोडिंग एरर'. जानेवारीत ती मी चाळीस वेळा पाहिली. एका इंग्रजी फोरमवर विचारलं, तर तिथल्या मंडळींनी आधी नियमावली वाचा म्हणून सांगितलं. त्यात माझ्या प्रश्नातल्या इंग्रजीच्या दोन चुकाही एकानं दुरुस्त करून दिल्या. मी परत तिकडं फिरकलो नाही. शोधता शोधता पोलंडचं फोरम सापडलं. हे संगणक तिकडं घराघरात होते म्हणे, आणि माझ्या कॅसेटला जे दुखणं होतं त्यावर तिथं सत्तर पानं चर्चा होती.

इथं मला एक शोध लागला. इंग्रजीत चुकलो तर माझी अब्रू जाते, कारण ती भाषा मला येते असं मी नोकरीच्या अर्जात लिहिलेलं आहे. पोलिशमध्ये चुकलो तर चूक मशीनची. त्यामुळे इंग्रजीत दोन ओळी लिहायला अर्धा तास घेणारा मी पोलिशमध्ये पानंच्या पानं लिहू लागलो. पहिलंच पत्र मी शाळेत शिकवलं होतं तसं, 'साष्टांग नमस्कार, विनंती विशेष' असं सुरू केलं. मशीननं त्याचं काय केलं कोण जाणे. पहिलं उत्तर आलं त्यात एका गृहस्थानं विचारलं होतं, तुम्ही पडलात का, लागलं तर नाही ना.

हाच तो गृहस्थ ज्यानं पुढचे आठ महिने मला सांभाळलं. फोटोच्या जागी त्यानं साळिंदराचं चित्र लावलं होतं आणि नाव असं होतं की मला ते कधी म्हणता आलं नाही. मी घरात त्याला पोलंडचे पाव्हणे म्हणायचो. त्याची उत्तरं आमच्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत यायची. कंपनीच्या कँटीनमध्ये सगळे भाजीला नावं ठेवत असताना मी डबा उघडून पोलंडहून आलेला निरोप वाचायचो, आणि लोकांनी तो वाचताना मला पाहावं अशा बेतानं बसायचो.

पाव्हण्यांनी सांगितलं, टेपरेकॉर्डरच्या डोक्याशी, म्हणजे हेडशी, एक बारीक स्क्रू असतो, तो अगदी हळू फिरवा. मी शेजारचा फिरवला. डोकं सुटून हातात आलं. ते बसवलं तर आतला पट्टा तुटला. तसला पट्टा मिळेना, म्हणून उज्वलानं कोथिंबिरीच्या जुडीचं रबर काढून दिलं आणि ते बसलं. मी त्याचा फोटो फोरमवर टाकला. स्टोअर्समध्ये चौतीस प्रकारचे पट्टे मोजून ठेवणाऱ्या माणसानं हे केलं होतं, पण ते मी लिहिलं नाही. पोलंडमधल्या अकरा लोकांनी माझं अभिनंदन केलं. आमच्या कंपनीत बावीस वर्षांत झालं नव्हतं.

"तुमचं टेन्शन नक्की कसलं आहे?" उज्वलानं एकदा सरळ विचारलं. "आबांना नाव पाहिजे, की तुम्हाला तिकडं शाबासकी पाहिजे?"

मी म्हणालो दोन्ही एकच आहे. तिनं माझ्याकडं जे पाहिलं ते मला बोचलं, कारण जून उजाडला होता आणि आबांचं बोट तसंच वर होतं. ते थकत चालले होते. आधी अडत चोविसाव्याला, आता कधी कधी सतराव्याला अडू लागले, मग पुन्हा पहिल्यापासून. मला भीती वाटू लागली, की मी नाव घेऊन येईन तोवर ज्याला द्यायचं तोच ते ओळखणार नाही.

तेव्हा मी पाव्हण्यांना सगळं लिहिलं. हूक, खंडेनवमी, खिशातली सुपारी. आतापर्यंत मी त्याला एका मोठ्या ऐतिहासिक संशोधनाचं काम चाललंय असं भासवत आलो होतो. त्याचं उत्तर दोन ओळींचं आलं. तुमचं रेकॉर्डिंग जसं आहे तसं पाठवा, काहीही साफ करू नका. माझे वडील गोदीत काम करत.

ऑगस्टच्या शेवटी, एका रविवारी दुपारी, त्यानं दुरुस्त करून पाठवलेली फाइल मी एम्युलेटरमध्ये घातली. पडद्याच्या कडेला निळ्या-पिवळ्या पट्ट्या पळाल्या, एरर आली नाही, आणि वर अक्षरं उमटली, 'PALI'. मी ओरडून आबांना बोलावलं. उज्वला पिठाच्या हातानं आली. आबांना मी माझ्या खुर्चीत बसवलं, चष्मा लावून दिला आणि मोठ्या ऐटीत बटन दाबलं.

यादी आली. चार ओळी, ओळीत सहा गडी. सगळे आकडे. नाव एकही नाही.

मी आकडे पुन्हा वरपासून वाचले आणि मग मला आठवलं. नववीत असताना मी कुठंतरी वाचलं होतं, की चांगला प्रोग्रामर मेमरी वाचवतो. म्हणून नावांऐवजी मी प्रत्येकाचा बिल्ला नंबर घातला होता. त्या संगणकात चोवीस नावं काय, अख्खं मार्केट मावलं असतं. पण मला चांगला प्रोग्रामर व्हायचं होतं. आठ महिने, दोन देश, अकरा अभिनंदनं, आणि हाती काय, तर आकडे. उंटावरच्या शहाण्यालाही उंटावरून खाली बघायची वेळ येते, तशी ती माझ्यावर आली.

"आबा, चुकलं माझं," मी म्हणालो. "नावं घातलीच नाहीत मी."

आबांचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. त्यांनी पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं होतं.

"चार हजार येकशे बारा," ते म्हणाले. "शिदू. वाठारचा. ह्येच्या बायकूच्या हातची भाकरी लई कडक." बोट पुढं सरकलं. "एकोनतीसशे सात. बहिरा मारुती. गाडीचा हारन ऐकू यायचा न्हाय, पर गोनी पडाय लागली का त्येला आदी कळायचं."

रोज हजेरीला नंबरानंच पुकारा व्हायचा, हे मला कुठं ठाऊक होतं. तीस वर्षं रोज सकाळी ऐकलेले आकडे. नावं विसरतील, आकडे नाही. सतराव्यालाही ते अडखळले नाहीत. उज्वला पिठाच्या हातानं तशीच दाराला टेकून उभी होती. आबा एकेकाला उठवत होते, कुणाची खोड, कुणाचं गाणं, कुणाचा मोडलेला पाय, आणि तेविसाव्यावर, स्वतःच्या नंबरावर, ते हसले. मग बोट शेवटच्या आकड्यावर गेलं.

तिथं लिहिलं होतं, एकतीस.

"ह्यो कुनाचा?" आबा म्हणाले. "येवडा ल्हान नंबर आमच्यात कुनाचाच नव्हता."

त्यांनी खिसा चाचपला, सुपारी आहे का बघितली आणि उठून गॅलरीत गेले. मी त्यांना म्हणालो की कॅसेट जुनी आहे, शेवटचा आकडा खराब झाला असेल, दुरुस्त करून घेतो. लगेच पाव्हण्यांना लिहिलं, चोविसावी नोंद बिघडलेली आहे, कृपया बघावं.

सोमवारी कँटीनमध्ये उत्तर आलं. नोंद बिघडलेली नाही. असा एकच आकडा बिघडत नाही, बिघडला असता तर तपासणीची बेरीज चुकली असती आणि फाइल उघडलीच नसती. हा आकडा कुणीतरी हातानं टाइप केलेला आहे. प्रोग्रामर हयात असेल तर त्याला विचारा.

प्रोग्रामर हयात होता. त्याच्या हातात चपातीचा तुकडा होता. आणि त्या तुकड्यासकट मला नववी ब चा वर्ग आठवला, खिडकीकडचा तिसरा बाक, आणि हजेरी घेणारे सर. एकतीस? हजर सर.

टोळीत गडी तेवीसच होते. माझा प्रोग्राम सहा-सहाच्या चार ओळी मागायचा आणि तेविसाव्यानंतर अडून बसायचा. त्याला गप्प करायला एक आकडा हवा होता, म्हणून मी माझा हजेरी क्रमांक घातला होता. दोन दिवस घरभर सांगत फिरलो होतो, की मी पण आता टोळीत. छत्तीस वर्षांनी तोच आकडा शोधायला मी पोलंडला गेलो होतो.

त्या दिवशी मी चार वाजताच सुट्टी टाकून निघालो. नावड्याला सिग्नलवर रिक्षा थांबली तेव्हा मी एकटाच हसत होतो आणि रिक्षावाला आरशातून बघत होता. घरी आलो तर आबा गॅलरीत बोटांवर नावं मोजत होते. मी त्यांच्यासमोर खाली बसलो आणि सांगितलं, "आबा, एकतीस नंबर माझा. शाळेतला. तुम्ही कुणालाच विसरला नाहीत. गडी तेवीसच होते."

आबांनी खिशातून सुपारी काढली आणि तळहातावर घेऊन बघत बसले. एवढे दिवस खिशात घासून ती गुळगुळीत झाली होती.

"तुज्या आईनं सांगितलं हुतं," ते म्हणाले. "त्या वर्साच्या खंडेनवमीला. म्हनली, पोरानं तुमच्या टोळीत नाव घातलंय, त्येचीबी सुपारी ठिवा. मी लई चिडलो. म्हनलं, माजं पोरगं हूक धरायचं न्हाय. त्येचं नाव ह्या तोंडातनं टोळीत येनार न्हाय."

"मग?"

"मग ती काय बोलली न्हाय. पर दर साली शेवटची सुपारी सोता ठिवायची, मुक्यानं. मी समजायचो, माज्याकडनं कुनाचं नाव ऱ्हायलं, बाई सांबाळून घेतीया." त्यांनी मूठ मिटली. "तिला वाटत आसंल, पोरामागं तेवीस गडी हुबी ऱ्हात्यात. एवढं तरी आसावं."

मला रडू आलं. ते लपवायला मी मोबाइल काढला, पण उज्वला तिथंच होती, तिला कळलं. "काखेत कळसा आणि पोलंडला वळसा," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिनं चहा टाकला, तोही नेहमीपेक्षा गोड.

यंदाच्या खंडेनवमीला हूक पाटावर आला. आईच्या जागी मी डबा घेऊन बसलो आणि एकेक सुपारी देत गेलो. आबांनी तेवीस नावं घेतली, मध्ये दोनदा अडले, तेव्हा मी लॅपटॉपवरून कागदावर उतरवलेला नंबर वाचला की नाव यायचं. डबा रिकामा झाला. मग त्यांनी खिशात हात घातला.

सुपारी हातात धरून ते थांबले. छत्तीस वर्षांपूर्वी आईला दिलेला नकार त्यांच्या मनात असणार.

"आता हरकत न्हाय," ते शेवटी उज्वलाला म्हणाले. "पन्नाशीला आला. पाठ दुखती त्येची. ह्येला आता कोन गोनी उचलाय सांगनार न्हाय." मग तांदळाकडं वाकून त्यांनी हजेरीच्या आवाजात, मार्केटात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं पुकारलं, "नंदकिशोर हौसेराव."

"हजर," मी म्हणालो. तोंडून आपोआप गेलं.

"हजर काय," आबा म्हणाले, "तांदूळ सारखं कर, सुपारी घरंगळतीया."